उन्हाळ्याची वही

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात एकोडीच्या दोघी जावांनी केलेलं भाषण)

आम्ही दोघी जावा, साकोली तालुक्यातल्या एकोडीच्या. आवाज तुम्हाला एकीचाच ऐकू येतोय, पण बोलणं दोघींचं आहे. थोरलीला माइकसमोर खोकला येतो, म्हणून धाकटी वाचते आहे आणि थोरली शेजारी बसून कागदावर बोट ठेवते आहे.

होळीच्या आधी याच कार्यक्रमात आम्ही मोठ्या तोंडानं सांगून गेलो होतो, की या उन्हाळ्यात आम्ही दोघी मिळून कादंबरी लिहिणार. बारा प्रकरणं, मृग लागायच्या आत. तेव्हापासून बाजारात, लग्नाच्या मांडवात, नळावर, भेटेल ती विचारते, "काय वं बाई, झाली का कादंबरी?" तर आज त्याचा हिशेब द्यायला आलो आहोत. उन्हाळ्यात काय काय वाचलं, तेही सांगणार आहोत, कारण वाचलं नसतं तर लिहिलेलं सुधारलं नसतं.

आधी हिशेब. बारा प्रकरणं ठरवली होती. आठ लिहिली. त्यांतली दोन बाजूला काढली. सहावं प्रकरण तीनदा लिहिलं. म्हणजे आज हातात सहा आहेत. निम्मं काम. परीक्षेत एवढ्यावर पास करतात, म्हणून आम्हीही स्वतःला पास केलं आहे.

तुम्ही म्हणाल, उन्हाळ्यात शेतीचं काम कमी, मग वेळ का मिळाला नाही? मैत्रिणींनो, आपल्या भागातला बाईचा उन्हाळा तुम्हाला वेगळा सांगायला नको. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं. ती रात्री गळतात, म्हणून उजाडायच्या आत झाडाखाली पोचावं लागतं, नाही तर गुरं खातात. मग फुलं वाळवणं. त्यात लग्नं. तांदळाचे पापड, सरगुंडे, कोहळ्याच्या वड्या, लोणचं. मे महिना लागला की तेंदूपत्ता. पहाटे जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत पानं घेऊन यायची, दुपारभर पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. एका पुडक्यात ७० पानं. शंभर पुडके म्हणजे ७००० पानं, प्रत्येक पान हातानं तोडलेलं आणि हातानं लावलेलं. एवढं झाल्यावर पेन धरायला बोटं कुठून सरळ होणार?

आम्हाला वेळ सापडला तो दुपारी एक ते तीन. घरात कूलर एकच. त्याच्यासमोर सगळे झोपतात. आम्ही मागच्या खोलीत, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, धानाच्या पोत्यांना टेकून बसायचो. बाहेर पारा ४५ अंशांवर. घाम वहीवर पडून अक्षर पसरायचं, म्हणून शाईचं पेन सोडून पेन्सिल घेतली. थोरली सांगायची, धाकटी लिहायची. थोरलीला गोष्ट पुढे कुठे जाते ते कळतं, धाकटीला वाक्य कुठे थांबवायचं ते कळतं. भांडणंही झाली. एकदा नायिकेच्या साडीच्या रंगावरून आम्ही दोन दिवस बोललो नाही.

या दुपारच्या दोन तासांची आम्हाला आधी लाज वाटायची. खऱ्या लेखिका टेबलाशी बसून दिवसभर लिहीत असतील असं वाटायचं. मग आम्ही बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचलं. दलित बाईनं लिहिलेल्या मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या आत्मकथनांपैकी हे एक. फलटणला त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. दुकानात बसल्या बसल्या त्या लिहायच्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. अशी सुमारे वीस वर्षं गेली. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ साली पुस्तक निघालं. आम्हाला निदान लपवावं तरी लागत नाही. पुस्तक लहान आहे, पण एका बैठकीत वाचू नका. मधे थांबावंच लागतं.

आणखी एक लेखिका, अमेरिकेतल्या टोनी मॉरिसन. त्यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. दोन मुलगे एकटीनं वाढवायचे आणि प्रकाशन संस्थेत संपादकाची नोकरी करायची, म्हणून त्या पहाटे, मुलं उठायच्या आत लिहायच्या. हे कळलं तेव्हा थोरली म्हणाली, "म्हणजे ती बी मोहफुलं वेचायलाच उठत होती म्हन." तेव्हापासून आम्ही लिहिण्याला घरात 'मोहफुलं वेचणं' म्हणतो. "दुपारी कुठं होत्या?" कोणी विचारलं की, "मोहफुलं वेचत होतो."

आता भाषेचं सांगतो. मागच्या वर्षी आम्ही एका मासिकाला कथा पाठवली होती. ती परत आली. पत्रात लिहिलं होतं, की कथा बरी आहे, पण पात्रांची बोली सर्वांना समजेल अशी सोपी करा. आम्ही बरेच दिवस विचार केला. आपली झाडीबोली. आपण डोळ्याला डोरा म्हणतो, पाण्याला पानी म्हणतो. 'ळ' आणि 'ण' आपल्या जिभेवर बसत नाहीत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीचे शब्द गोळा केले, तिचं व्याकरण दाखवलं, तरी आपल्याच मनात अजून असतं, की हे गावंढळ आहे, पुस्तकात चालायचं नाही.

मग उद्धव शेळके यांची 'धग' हाती आली. १९६० सालची कादंबरी. कौतिक नावाच्या बाईची, तिच्या संसाराची गोष्ट. नवरा महादेव शिंपीकाम करणारा. गरिबी, मग त्याचं दुखणं, आणि सगळा भार कौतिकवर. ही माणसं वऱ्हाडी बोलतात. वऱ्हाडी आपली बोली नाही, पण शेजारची आहे. पहिली पाच पानं अडखळलो, सहाव्या पानापासून कौतिकचा आवाज कानात बसला. साठाहून जास्त वर्षं झाली, पुस्तक अजून वाचलं जातं. तेव्हा आम्ही ठरवलं, सांगणं साध्या मराठीत करायचं आणि बोलणं झाडीबोलीत ठेवायचं. वाचणारीला पाच पानं अडखळू दे. आपणही शहरातल्या कथा वाचताना अडखळतोच, ते कोणी सोपं करून देत नाही.

दुसरी अडचण उन्हाची. कथा उन्हाळ्यात घडते, पण पहिल्या प्रकरणात आम्ही ऊन लिहिलं ते असं: रखरखतं ऊन होतं, अंगाची लाही लाही होत होती. वाचून पाहिलं तर ते कुठलंही ऊन वाटलं. एकोडीचं नाही वाटलं. त्यासाठी दोन लेखकांकडे गेलो. एक दुर्गाबाई भागवत. त्यांचं 'ऋतुचक्र' १९५६ सालचं. बाराही महिन्यांवर लेख आहेत. झाड, पान, फूल, पाखरू, कोणत्या महिन्यात कसं दिसतं ते त्या बघून लिहितात. दुसरे मारुती चितमपल्ली. हे तर आपल्याच बाजूचे म्हणायला हवेत. जन्म सोलापूरचा, पण वन खात्याच्या नोकरीत ते नवेगावबांधला राहिले आणि त्या दिवसांवर त्यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. ज्या तळ्यावर आपण सहलीला जातो, डबा खातो आणि परत येतो, तिथल्या पाखरांवर, झाडांवर या माणसानं पानंच्या पानं लिहिली. आम्हाला थोडं ओशाळल्यासारखं झालं. मग आम्ही एक नियम केला. ऊन हा शब्द वापरायचा नाही, उन्हानं काय केलं ते लिहायचं. बोडीचं पानी कुठवर उतरलं, कुत्रं कुठं जाऊन निजलं, तेंदूचं पान तोडल्यावर किती वेळात कडक झालं. पहिलं प्रकरण असं पुन्हा लिहिलं तेव्हा कुठं ते गावचं वाटलं.

आता सहाव्या प्रकरणाचं. हे सांगायचं की नाही यावर घरात बोलणं झालं आहे. आमच्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आईच म्हणतो, परवानगी दिली आहे. या वेळी त्या घरी रेडिओ लावून बसल्या आहेत. म्हणून जपून सांगतो.

आईंना वाचता येत नाही. रात्री अंगणात खाटा टाकल्या की दुपारी लिहिलेलं आम्ही त्यांना वाचून दाखवायचो. त्या हुंकार देत ऐकायच्या. चूक असेल तर लगेच सांगायच्या. "या महिन्यात बांधीत पानी नसते बाई." "एवढ्या रात्री बाई एकटी विहिरीवर जात नाई." आमच्या पहिल्या संपादक त्याच.

आमच्या कादंबरीतली बाई तेंदूपानं तोडायला जाते. तान्ही पोर सोबत नेते, झाडाला झोळी बांधून तिच्यात निजवते. पोरीला ऊन लागतं आणि ती जाते. हे आम्हाला शेजारच्या एका म्हातारीनं कधीतरी सांगितलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी असं आमच्याच घरात झालं होतं. आईंची पहिली लेक, आठ महिन्यांची. घरात हे कोणी कधी बोललं नव्हतं. आम्ही नाव बदललं, गाव बदललं, आणि लिहिलं. लिहिताना वाटलं होतं, कळणार नाही.

पण वाचायची वेळ आली तेव्हा आमची हिंमत झाली नाही. पाचवं वाचून झालं आणि दुसऱ्या रात्री आम्ही सरळ सातवं वाचायला घेतलं. आईंनी अर्ध्यातच थांबवलं. म्हणाल्या, "मधातलं कुठं गेलं? पोरगी कुठं गेली?"

आम्ही गप्प. त्या म्हणाल्या, "वाचा."

वाचलं. आमच्या लिहिण्यात ती बाई फळीवर पुडके टाकून देते, पोरीला उराशी धरून हंबरडा फोडते, सगळे गोळा होतात, मोजणारा मुनशी मान खाली घालतो. वाचताना आमचाच आवाज भरून आला. आई शांत होत्या. वाचून झाल्यावर थोड्या वेळानं म्हणाल्या, "असं नाई झालं. मी रडली नाई. पोरगी खांद्यावर होती. मला समजलं होतं. पन पुडके मोजनं चालू होतं. मोजनं होईपर्यंत मी कोनाजवर बोलली नाई."

अंगणात सगळेच होते. आमच्या दोघींचे नवरेही. थोरल्यांनी लहानपणी कुठेतरी पुसट ऐकलं होतं. धाकट्यांना आपल्याला एक बहीण होती हेच ठाऊक नव्हतं. ते उठले, माठातून गिलासभर पानी काढलं आणि आईंना नेऊन दिलं. त्या रात्री पुढे कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्हा दोघींत वाद. थोरली म्हणे, हे घरातलं दुःख आहे, छापायचं नाही, वही बंद. धाकटी म्हणे, आपण गप्प राहिलो म्हणून पन्नास वर्षं ते एकट्या आईंवर राहिलं. दोघींचंही बरोबर होतं, म्हणून वाद सुटेना. वही आठ दिवस धानाच्या पोत्यावर तशीच पडून होती. आणि आम्हाला एक गोष्ट आतून खात होती. आम्ही जे रडणं लिहिलं होतं ते आमचं नव्हतंच. ते टीव्हीतल्या मालिकांतलं होतं. खरी बाई मोजणी संपायची वाट पाहत उभी राहिली, कारण त्या दिवसाचे पैसे बुडाले असते तर घरातल्या बाकीच्यांनी काय खाल्लं असतं?

त्या आठ दिवसांत आम्ही दोन पुस्तकं वाचली. एक महाश्वेतादेवींची कादंबरी. मूळ बंगाली, आम्ही हिंदीतून वाचली, '१०८४वें की माँ'. सुजाता नावाची आई. तिच्या मुलाला मारलं आहे आणि प्रेताला नंबर दिला आहे, १०८४. सगळी कादंबरी एका दिवसाची आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत. घर श्रीमंत आहे, नोकरचाकर आहेत, पण त्या घरातही मेलेल्या लेकराचं नाव काढायचं नाही असाच रिवाज. आम्हाला वाटायचं, गप्प बसणं गरिबीतून येतं. तसं नाही. ते सगळ्याच घरांत असतं.

दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून त्याचे भाग निघाले. रेव्हरंड टिळकांची ही बायको. नवऱ्यानं धर्म बदलला, काही वर्षं ताटातूट झाली, माणसं तुटली. हे टिळक काही काळ राजनांदगावला होते, म्हणजे आपल्या गोंदियाच्या पुढेच. इतकं सगळं सोसलं, पण बाई लिहिते ती हसत, स्वतःची फजितीही न लपवता. घरच्या माणसांबद्दल खरं लिहिता येतं आणि तरी त्यांचा मान राखता येतो, हे आम्हाला या पुस्तकानं दाखवलं. ज्यांनी अजून वाचलं नसेल त्यांनी यंदाच्या पावसाळ्यात हेच आधी वाचा. रडू येईल असं वाटतं आणि हसू येतं.

नवतपा सुरू झाला तेव्हा आम्ही सरगुंडे करत बसलो होतो. आई मधेच म्हणाल्या, "वही थांबली का?" आम्ही काहीच बोललो नाही. त्या म्हणाल्या, "लिहा. माझं नाव नको. पन तिची माय वाईट होती असं कोनाला वाटू नये." मग थोडा वेळ हात चालू ठेवून म्हणाल्या, "आनि सावली लिहा. झोळी बांधली तवा सावलीत होती. सावली सरकते. पानं तोडता तोडता बाईचं ध्यान राहत नाई. सावली सरकते हे लिहा."

मैत्रिणींनो, आम्ही आठ प्रकरणं लिहिली आणि त्यात सावली सरकते हे एकही वाक्य नव्हतं. पन्नास वर्षं त्या बाईनं मनात जे धरलं होतं, ते एवढंच.

मग सहावं प्रकरण तिसऱ्यांदा लिहिलं. एकाच दिवसाचं, पहाटेपासून फळीवरच्या मोजणीपर्यंत. त्यात कोणी रडत नाही. सावली कुठे होती आणि कुठे गेली एवढंच आहे, आणि मोजणी आहे. वाचून दाखवलं. आई म्हणाल्या, "हं. असंच." कादंबरीतल्या पोरीला आम्ही नाव ठेवलं नव्हतं. नाव त्यांनी दिलं. ते आज सांगत नाही, पुस्तक झालं की वाचा.

सातवं-आठवं मात्र बाजूला काढावं लागलं. ती प्रकरणं त्या हंबरड्यावर उभी होती. हंबरडा गेला तसा त्यांचा पायाच गेला. म्हणून बाराचं सहावर आलं. पण आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. सहा खरी आहेत.

पुढचं असं ठरवलं आहे. आता पऱ्हे टाकायचे, मग रोवणी. रोवणीत वही उघडणार नाही, खोटं कशाला सांगायचं? पण बांधीत वाकून रोवताना बायका जे बोलतात ते ऐकून ठेवणार. पोळा झाला की पुन्हा बसणार. दिवाळीच्या आधी आठ आणि पुढच्या मोहफुलांच्या आधी बारा.

तुमच्यासाठी पुस्तकांची नावं पुन्हा सांगतो, लिहून घ्या. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. उद्धव शेळके यांची 'धग'. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस'. महाश्वेतादेवींची '१०८४वें की माँ'. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. विकत घ्यायला जमत नसेल तर तालुक्याच्या वाचनालयात विचारा. आम्ही बहुतेक तशीच वाचली. पाच-सहा जणींनी मिळून एकीच्या नावावर वर्गणी भरली तरी चालते, पुस्तक फिरतं राहतं. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. वाचून दाखवल्याशिवाय आमची गोष्ट खोटीच राहिली असती.

आणखी एकच. तुमच्याही घरात अशी एखादी गोष्ट असेल, जी कोणी बोलत नाही. ती लिहाच असं आम्ही म्हणत नाही. आधी जिची आहे तिला विचारा. ती नको म्हणाली तर वही बंद ठेवा. ती बोलली तर मधे न बोलता ऐका, आणि ती सांगेल तेच लिहा.

आता थोरली कागदावरचं बोट उचलते आहे, म्हणजे वेळ झाली. आई, आम्ही निघतोच आहोत, चुलीवर पानी ठेवा. नमस्कार.